भिंत आधी की दरवाजा?
किल्ला बांधण्याच्या एका खेळातून कारागीर व व्यापारी बांधवांसाठी पाठ

व्यापार-उद्योगाच्या या पानावर संगणकाच्या खेळाचा विषय पाहून काही वाचकांना आश्चर्य वाटेल. मुले खेळात वेळ घालवतात ही तक्रार घरोघरी आहे आणि ती बऱ्याच अंशी खरीही आहे. परंतु सगळे खेळ एका मापाने मोजता येत नाहीत. काही खेळांत माल मोजावा लागतो, मजूर कामाला लावावे लागतात, कामाचा क्रम ठरवावा लागतो आणि हिशेब चुकला तर उभे केलेले सारे कोसळते. गवंडी, पाथरवट, सुतार, ठेकेदार आणि दुकानदार यांना ज्या गोष्टी रोजच्या कामात पाळाव्या लागतात, त्याच गोष्टी असा खेळ मुलांकडून करून घेतो. त्यांपैकी एका खेळातील तटबंदीचे काम आम्ही आज पाठ म्हणून घेत आहोत.

खेळ कोणता?

या खेळाचे नाव 'ड्वार्फ फोर्ट्रेस', म्हणजे बुटक्यांचा किल्ला. टार्न आणि झॅक अॅडम्स या दोन अमेरिकन भावांनी तो तयार केला. काम २००२ साली सुरू झाले आणि खेळ लोकांसाठी प्रथम २००६ साली खुला झाला. पुढे न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने आपल्या संग्रहासाठी निवडलेल्या संगणक-खेळांच्या पहिल्या यादीत त्याला स्थान दिले.

खेळाची सुरुवात अशी होते. सात बुटके, एक गाडा, थोडी हत्यारे आणि थोडी शिधासामग्री घेऊन आपण एका मोकळ्या जागी उतरतो. जमीन बुद्धिबळाच्या पटासारखी घराघरांत विभागलेली असते, आणि वर-खाली अनेक मजले असतात. खेळणारा स्वतः काहीच बांधत नाही. तो फक्त काम नेमून देतो. खोदायचे, दगड घडवायचे, वाहून न्यायचे आणि रचायचे ते बुटक्यांनी. त्यांना भूक लागते, झोप येते, ते जखमी होतात आणि मरतातही. म्हणजे खेळणाऱ्याची जागा मालकाची किंवा मुकादमाची आहे. हुकूम देणे सोपे, पण हुकूम कोणत्या क्रमाने दिला यावर सगळे अवलंबून असते.

किल्ल्याची वस्ती आणि संपत्ती वाढू लागली की बाहेरून लुटारूंचे वेढे पडतात. तेव्हा तटबंदी ही हौस राहत नाही, गरज होते.

मालाचा हिशेब

तटाच्या भिंतीला एका घरामागे मालाचा एक नग लागतो. तो ओबडधोबड धोंडा असू शकतो, लाकडाचा ओंडका असू शकतो किंवा घडवलेला चिरा असू शकतो. नवशिका खेळणारा खाणीतून निघालेले धोंडे तसेच उचलून भिंतीत घालतो, कारण त्यात घडवण्याचा वेळ वाचतो असे त्याला वाटते. प्रत्यक्षात हिशेब उलटा आहे. पाथरवटाच्या कारखान्यात एका धोंड्यातून चार चिरे निघतात. चिरा धोंड्यापेक्षा हलका असतो, म्हणून वाहतूक लवकर होते आणि रचण्याचे कामही जलद होते.

एक उदाहरण घेऊ. प्रत्येक बाजूस ३१ घरे असा चौकोनी तट घालायचा आहे. चार बाजूंचे १२४ झाले, पण चार कोपरे दोनदा मोजले गेले, ते वजा केले की १२० राहतात. तीन घरांचा दरवाजा सोडला तर भिंत ११७ घरांची. धोंड्यांनी बांधली तर ११७ धोंडे लागतील. चिऱ्यांनी बांधली तर ३० धोंड्यांत काम होऊन तीन चिरे शिल्लक राहतील. साधा दगड खोदताना दर घरातून धोंडा निघतोच असे नाही, सरासरी चार घरे खोदल्यावर एक मिळतो. म्हणजे ३० धोंड्यांसाठी सुमारे १२० घरे खोदावी लागतील, आणि न घडवता काम केले तर तब्बल ४६८. एवढी अधिक खोदाई, एवढी अधिक वाहतूक, तीही वेढा पडण्यापूर्वी. घडवण्यात गेलेला वेळ इथे कितीतरी पटीने परत मिळतो.

आता त्याच मालात आकार बदलून पाहा. ४१ घरे लांब आणि २१ घरे रुंद असा लांबट तट घातला तरी परिघ १२० घरांचाच होतो. माल तेवढाच, मजुरी तेवढीच. परंतु चौकोनी तटाच्या आत २९ गुणिले २९ म्हणजे ८४१ घरे मिळतात, तर लांबट तटाच्या आत ३९ गुणिले १९ म्हणजे ७४१. आकार न पाहिल्यामुळे १०० घरांची जागा गेली. शेड, गोदाम किंवा कुंपण घालणाऱ्या आमच्या बांधवांनी हा हिशेब कागदावर एकदा करून पाहावा. जागेचा आकार नेहमी आपल्या हाती नसतो हे खरे, पण जिथे असतो तिथे चौकोनाजवळ राहण्यात फायदा आहे.

दोन गोष्टी आणखी. पहिली, चिऱ्यांचा साठा भिंतीच्या कामाजवळ हवा. खेळात दगड खाणीच्या तळाशी पडून असेल तर प्रत्येक नगासाठी बुटका कित्येक मजले उतरतो आणि चढतो. जाणता खेळणारा आधी कामाशेजारी साठ्याची जागा आखतो, हातगाड्या देतो आणि मगच भिंतीचे काम काढतो. दुसरी, ज्या धोंड्यातून लोखंड निघू शकते तो भिंतीत घालू नये. भिंतीला साधा दगड पुरतो. महागाचा माल जिथे त्याची किंमत येईल तिथेच लावावा.

कामाचा क्रम

हिशेब बरोबर असूनही अनेकांचा किल्ला फसतो तो क्रमामुळे. बुटका गवंडी भिंतीच्या एका घराशेजारी उभा राहून ते घर बांधतो. तो कोणत्या बाजूला उभा राहील हे त्याच्यावर सोपवले तर कधी तो तटाच्या बाहेर उभा राहतो आणि शेवटचा चिरा बसला की स्वतःच बाहेर अडकतो. कधी तो कोपऱ्यात उभा राहून आपल्याच भोवती भिंत पुरी करतो. बाहेर शत्रू आला असेल तर चूक दुरुस्त करायला वेळ मिळत नाही. कुशल गवंडी असा गमावला तर पुढची सगळी कामे मंदावतात.

यावर उपाय साधा आहे. सगळी भिंत एकदम नेमून द्यायची नाही. तुकडे पाडायचे, काही घरांचे काम स्थगित ठेवायचे, आतून जाण्या-येण्याची वाट शेवटपर्यंत राखायची. शेवटचे घर कोणते आणि ते कोणत्या बाजूने बसवायचे हे पहिला चिरा बसण्यापूर्वी ठरलेले असावे.

उंचीचेही तसेच. एका मजल्याची भिंत झाली की तिच्या माथ्यावर चालता येते. त्यावर दुसरा मजला चढवायचा तर गवंड्याला वर पोहोचवणारा जिना किंवा उतार आधी बांधावा लागतो. आपल्याकडे परांचीशिवाय वरचे काम होत नाही, तसेच हे. काम संपल्यावर तात्पुरता जिना काढून टाकला की त्याचा माल पुरा परत मिळतो, तो दुसरीकडे लावता येतो. परांचीच्या वाशांची किंमत जाणणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

टेकू आणि कोपरे

या खेळात बांधकाम हवेत तरंगत नाही. प्रत्येक भाग खालून किंवा चार सरळ बाजूंपैकी एकीने कशाला तरी जोडलेला असावा लागतो. कोपऱ्याला कोपरा टेकला तर तो आधार धरला जात नाही. आधार सुटला की तेवढा भाग कोसळतो, खाली असेल त्याला चिरडतो, आणि उडालेल्या धुळीच्या लोटाने आसपासचे बुटके फेकले जातात. जुने काम पाडताना हे विशेष घडते. पाडणारा ज्यावर उभा आहे त्याचाच टेकू तो काढतो. आपल्या शहरांत जुन्या इमारती पाडताना मजूर दगावल्याच्या बातम्या आपण वाचतो. खेळात निदान पुन्हा डाव मांडता येतो.

कोपऱ्याचा दुसरा धोका म्हणजे फट. दोन भिंती फक्त कोपऱ्याशी भेटत असतील तर मधून तिरके जाता येते. नकाशावर तट पुरा दिसतो, पण चोर आत येतो. म्हणून कोपऱ्याचे घर भरलेच पाहिजे. एक चिरा वाचवला म्हणून सारा तट वाया जातो.

तटावर तिरंदाज ठेवायचे तर नुसती भिंत चालत नाही. तिथे आमच्या किल्ल्यांवर असतात तशा जंग्या ठेवाव्या लागतात. जंगीतून बाण बाहेर जातो, माणूस आत येत नाही. पण शत्रूकडे चांगले तिरंदाज असतील तर त्यांचे बाणही त्याच वाटेने आत येतात, हे विसरू नये.

व्यापाऱ्यांचा भाग : दरवाजा

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. एवढी मेहनत करून तट पुरा झाला, कुठे फट नाही, शत्रू बाहेर थांबला. नवशिक्याला वाटते काम फत्ते झाले. मग हंगाम बदलतो आणि काफिला येतो.

या खेळात व्यापार हंगामाने चालतो. शरद ऋतूत बुटक्यांच्या मायदेशाचा काफिला येतो. शेजार असेल तर उन्हाळ्यात माणसांचा आणि वसंतात एल्फ नावाच्या रानातल्या लोकांचा काफिला येतो. त्यांच्यासाठी किल्ल्यात पाच गुणिले पाच घरांची वखार बांधावी लागते. मोठा माल गाड्यांतून येतो आणि गाड्याला सरहद्दीपासून वखारीपर्यंत तीन घरे रुंद मोकळी वाट लागते. जिन्यावरून गाडा जात नाही. वाटेत धोंडा, झाड किंवा सापळा असला तरी गाडा अडतो. वाट नसेल तर गाडे किल्ल्याला वळसा घालून निघून जातात. आले तर लादलेली जनावरे तेवढी येतात, आणि त्यांच्या पाठीवर माल तो किती असणार?

तट बांधणाऱ्याने दरवाजा एका घराचा ठेवला, कारण रक्षणाला तो सोपा वाटला. त्या एका निर्णयाने वर्षभराचा व्यापार गेला. ज्या किल्ल्याच्या जमिनीत लोखंड नाही त्याला लोखंड बाहेरूनच यायचे होते. नवे लोकही किल्ल्याची ख्याती ऐकून येतात, आणि ती ख्याती परतणारा काफिलाच बाहेर नेतो. पूर्ण बंद केलेला किल्ला लगेच मरत नाही. आत शेती असेल, पाणी असेल तर तो वर्षानुवर्षे जगतो. पण जे नाही ते नाहीच राहते. हात तेवढेच, हुन्नर तेवढेच, आणि जो मेला त्याची जागा भरणारा कोणी येत नाही.

म्हणून जाणता खेळणारा उलट क्रमाने विचार करतो. आधी वखार कुठे असेल ते ठरवतो. वखारीपासून बाहेरपर्यंत तीन घरांची वाट आखतो. त्या वाटेवर तट जिथे येईल तिथे उचलता पूल ठेवतो, बाहेर खंदक खणतो आणि मग भिंतीचा पहिला चिरा बसवतो. पुलाची कळ आत सुरक्षित ठिकाणी ठेवतात. तिला तीन यंत्रे लागतात, एक दांड्याला आणि दोन जोडणीला. दांडा ओढला की पूल उचलला जाऊन भिंतीसारखा उभा राहतो. परंतु तो ओढल्या क्षणी उचलला जात नाही, थोडा वेळ लागतो. म्हणून शत्रू दाराशी येईपर्यंत थांबणारा फसतो, आणि पुलावर कोण आहे हे न पाहता ओढणारा आपल्याच माणसांचे नुकसान करतो.

काफिल्याशी वागण्याचेही नियम आहेत. तोटा होईल असा सौदा व्यापारी मान्य करत नाहीत. त्यांना थोडा नफा सुटू द्यावा लागतो. एल्फांना लाकडाची वस्तू दाखवली तर ते अपमान मानून निघून जातात, कारण झाड तोडणे त्यांना मान्य नाही. काफिल्याचा माल हिसकावून घेणेही खेळात शक्य आहे, पण मग त्या लोकांशी संबंध बिघडतात आणि एका हंगामाचा फायदा पुढच्या अनेक हंगामांना महाग पडतो. गिऱ्हाइकाची रीत ओळखणे आणि समोरच्यालाही दोन पैसे मिळू देणे, हे आमच्या बाजारपेठांतील जुन्या व्यापाऱ्यांना ठाऊक असलेलेच आहे.

वेढा बदलत जातो

दरवाजा नीट झाला म्हणजे कायमचे निश्चिंत झालो असेही नाही. सुरुवातीच्या वर्षांत या खेळात बांधलेली भिंत म्हणजे अखेरचा शब्द होता. ट्रोल नावाचे दांडगे प्राणी दारे फोडत, पण भिंत त्यांना फुटत नसे. मग २०१४ च्या सुधारणेत प्राणी भिंतीवर चढू लागले. तटाला लागून झाड असले तर त्यावरून आत उतरू लागले. लोकांनी तटाजवळची झाडे तोडली, माथ्यावर बाहेर आलेले छज्जे काढले. २०२५ मध्ये वेढ्यांविषयी मोठी सुधारणा आली आणि आता वेढा घालणारे खणून व फोडून आत शिरू शकतात. ज्यांनी केवळ भिंतीच्या भरवशावर किल्ला उभा केला होता, त्यांना पहारा, सापळे आणि आतली दुसरी फळी यांचा विचार करावा लागला.

धंद्यातही संरक्षणाचा एकच उपाय सदासर्वदा पुरत नाही. कोणाचा भरवसा एका मोठ्या गिऱ्हाइकावर असतो, कोणाचा एका सरकारी ठेक्यावर, कोणाचा ओळखीच्या चार माणसांवर. ती भिंत उभी असते तोवर बरे चालते. म्हणून दरवर्षी एकदा तटाभोवती फेरी मारावी आणि नवे झाड कुठे उगवले ते पाहावे.

खेळ करणाऱ्यांचा स्वतःचा हिशेब

या दोन भावांचा व्यवहारही पाहण्यासारखा आहे. त्यांनी खेळ फुकट दिला आणि लोकांच्या देणग्यांवर अनेक वर्षे गुजराण केली. दरवाजा त्यांनी पूर्ण उघडा ठेवला होता, म्हणून खेळणारे जमले आणि टिकले. परंतु मागे तट नव्हता. एका भावाला कर्करोगावर उपचार घ्यावे लागले, तेव्हा औषधपाण्याच्या खर्चाचा प्रश्न उभा राहिला. २०१९ साली त्यांनी चित्रांसह नवी आवृत्ती विकत देण्याचे जाहीर केले आणि डिसेंबर २०२२ मध्ये ती बाजारात आली. महिन्याभरात जवळजवळ पाच लाख प्रती खपल्या. अक्षरांच्या खुणांची जुनी आवृत्ती त्यांनी फुकटच ठेवली. म्हणजे दरवाजा बंद केला नाही, आणि तटही बांधला. आमच्या अनेक कारागिरांना आपल्या हुन्नराची किंमत मागण्याचा संकोच वाटतो, आणि आजारपण आले की दुकान गहाण पडते. त्यांनी या उदाहरणावर विचार करावा.

पाठाचे सार

१. काम घेण्यापूर्वी माल कागदावर मोजावा. परिघ, कोपरे, दरवाजा आणि शिल्लक वेगवेगळी लिहावी.

२. घडवलेला माल महाग वाटला तरी वाहतूक व वेळ धरून त्याची किंमत काढावी.

३. शेवटचा दगड कोण, कोठे उभा राहून बसवणार हे आधी ठरवावे. मजुराला परतीची वाट असलीच पाहिजे.

४. पाडकामात टेकू सर्वांत शेवटी काढावा, आणि खाली कोणी नाही याची खात्री करावी.

५. दरवाज्याचे माप चोराच्या अंगावरून ठरवू नये, मालाच्या गाड्यावरून ठरवावे. मग तो बंद करण्याची पक्की सोय करावी.

शेवटचा मुद्दा आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नुकसान सोसलेला माणूस भिंत उंच करतो हे स्वाभाविक आहे. उधारी बुडाली की तो उधारी बंद करतो, एका भागीदाराने दगा दिला की भागीदारीच नको म्हणतो, एका पेठेत त्रास झाला की त्या पेठेत जाणे सोडतो. काही दिवस शांततेत जातात. परंतु गाडे वळसा घालून जाऊ लागतात, आणि त्याचा आवाज आत ऐकू येत नाही. उधारी लेखी करावी, भागीदारी कागदावर आणावी, मालाचा विमा उतरवावा, ही झाली पुलाची कळ. ती हाती असेल तर दरवाजा तीन घरांचा ठेवायला हरकत नाही.

सराव

ज्यांच्या घरी मुले हा खेळ खेळतात त्यांनी त्यांच्याबरोबर बसून हे गणित सोडवावे : प्रत्येक बाजूस २५ घरांचा तट, तीन घरांचा दरवाजा, भिंत एक मजला. घरे किती, चिरे किती, धोंडे किती आणि खोदाई किती? उत्तर : परिघ ९६, भिंत ९३ घरांची, चिरे ९३, धोंडे २४, खोदाई सुमारे ९६ घरे. हे गणित मुलाला तोंडी आले तर पुढच्या कामाचे अंदाजपत्रक करताना त्याला शेजारी बसवावे.